खफजीचं घुंगरू

पेटी उघडली की आधी शिवणयंत्राच्या तेलाचा वास येतो. मग गंजाचा. मग शिशाचा. शिशाला वास नसतो म्हणतात, पण मला येतो. आणि सगळ्यांच्या तळाशी, अगदी वाकून नाक नेलं तर, सुकलेल्या कोळंबीचा. हिरव्या पत्र्याची पेटी आहे, शाळेच्या दप्तराएवढी. एकवीस वर्षं ती नाशिकला माळ्यावर पडून होती. यंदा प्राजूने ती उतरवली, जुन्या साडीत गुंडाळली आणि सामानातून जुबैलला आणली.

प्राजू माझी मुलगी. आखातात, जुबैलला नोकरी करते. मी तिच्याकडे तीन महिन्यांसाठी आले आहे. विमानतळावर पेटी उघडायला लावली तेव्हा तिने अरबीतच सांगितलं म्हणे की हे गळ आहेत, मासे धरायचे, माझ्या वडिलांचे. तपासणारा माणूस एकेक गळ बोटाने सरकवत राहिला आणि मग म्हणाला, माझे वडीलही धरायचे. झाकण त्यानेच लावून दिलं.

पेटीत सगळं जागच्या जागी आहे. लहान गळ, मोठे गळ, वाटाण्याएवढी आणि बोराएवढी शिशाची वजनं, नायलॉनच्या दोऱ्याच्या तीन गुंडाळ्या (आमच्याकडे त्याला तंगूस म्हणतात), कानस, कात्री, तेलाची बाटली. एक घुंगरू तेवढं नाही.

आणि एक गोष्ट आहे, ती मी एकवीस वर्षांत कोणाला सांगितलेली नाही. दरवर्षी ह्यांच्या तिथीला प्राजू विचारते, "आई, बाबा शेवटी काही बोलले का गं?" आणि मी म्हणते, "नाही." या खेपेला खरं सांगायचं असं मनाशी धरून मी विमानात बसले होते. महिना गेला तरी जीभ उचलली नाही. मग तीच एकदा म्हणाली, "खफजीला जाऊया का गं? जेट्टीवर?" तेव्हा मला वाटलं, तर मग तिथेच.

खफजी म्हटलं की मला आधी आग दिसते. लग्नानंतर दोन वर्षांनी ह्यांना तिथल्या तेल कंपनीचं क्वार्टर मिळालं आणि मी गेले. पहिल्या संध्याकाळी ह्यांनी मला समुद्रावर नेलं. पाण्याच्या पार पलीकडे, आभाळाच्या काठाशी, तीन ज्योती जळत होत्या. खाली काही नाही, वर काही नाही, नुसत्या ज्योती.

"समुद्रातल्या तेलाच्या विहिरी," हे म्हणाले. "गॅस जाळतात."

मी मान हलवली. पण माझ्या माहेरच्या खाडीवर पाण्यावर असा दिवा दिसला तर बायका पदर डोक्यावर घेऊन पाठ फिरवायच्या. मीही हळूच पाठ फिरवली. ह्यांना कळलं नाही.

क्वार्टरमध्ये दिवसभर एसीची घरघर असायची. उन्हाळ्यात वारा सुटला की खिडकीच्या फटीतून पिठासारखी वाळू यायची आणि उशीवर डोक्याचा आकार उमटायचा. कधीकधी वाऱ्याला नासक्या अंड्यासारखा वास यायचा. तो तेलाचा, हे म्हणायचे. शेजारच्या घरातून उदाचा धूर यायचा. रस्त्याच्या कोपऱ्यावर बकाला, म्हणजे किराणा दुकान होतं, तिथे गरम खुबूस, तिकडची रोटी मिळायची, ती कागदात धरली की हात भाजायचा. मी तिथे बोट दाखवून सामान घ्यायचे. मी मुळातच कमी बोलणारी. शाळेत चार इयत्ता झाल्या, पण हजेरीला माझं "हजर" बाईंना कधी ऐकू गेलं नाही. मी तोंड उघडेपर्यंत त्या पुढच्या नावावर गेलेल्या असायच्या. वर्गात बसलेली असून मी कितीतरी दिवस गैरहजर आहे.

हे सिन्नरकडचे. तिकडे पाणी म्हणजे विहीर आणि टँकर. पण इथे समुद्र बघून ह्यांना मासे धरायचं वेड लागलं. एका मलबारी मित्राने पहिली काठी दिली आणि मग पगार झाला की ह्यांच्या हातात काहीतरी नवीन. रीळ, दुसरं रीळ, लवचीक काठी, ताठ काठी. जेवताना मला समजावून सांगायचे. रीळ फार घट्ट ठेवायचं नाही, नाहीतर मोठा मासा दोरा तोडून नेतो. फार सैल ठेवायचं नाही, नाहीतर गळ रुतत नाही. मी वाढता वाढता ऐकायचे. माझा बाप, आबा, खाडीवर गरीने मासे धरायचा, मी सहा वर्षांची होते तेव्हापासून त्याच्या मागे आमिषाची करवंटी घेऊन उभी राहायचे, हे मी ह्यांना सांगितलंच नव्हतं. विचारलं नव्हतं, म्हणून.

पहिल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी हे मला जेट्टीवर घेऊन गेले. गावाच्या दक्षिणेला होती. पूर्वी कधीतरी तिथे सिमेंट उतरवणाऱ्या बोटी लागत, मग बंद झालं. दोन्ही बाजूंना मोठे दगड टाकलेले, आणि टोकाला मांडीएवढ्या जाडीची एक लोखंडी कडी, गंजून लाल झालेली. हे गळ बांधत होते. बांधला, ओढला, गाठ सुटली. पुन्हा बांधला, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा मी म्हटलं, "ओली करा."

"काय?"

"गाठ. आवळायच्या आधी तोंडात धरून ओली करायची. कोरडी आवळली की तंगूस आतल्या आत जळतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या हातून गळ घेतला, सहा वेढे दिले, ओठांत धरून भिजवला आणि आवळला. मग अंगठ्याच्या नखावर गळाचं टोक टेकवून पाहिलं. घसरलं.

"बोथट आहे," मी म्हटलं. "टोक नखावर अडलं पाहिजे. घसरलं तर कानस मारायची."

हे एवढ्या मोठ्याने हसले की दगडावरचे पक्षी उडाले. "डिप्लोमावाल्याला चौथी पास बाई गाठ शिकवते! आणखी काय काय लपवलंस गं?"

मग मी थोडं थोडं सांगत गेले. पुढचे दहा-अकरा हिवाळे सांगत होते. सूर्य समोर ठेवून बसावं, म्हणजे सावली मागे पडते. सावली पाण्यावर पडली की मासा बसत नाही. वजन तळ धरील एवढंच बांधावं, पाणी थांबलेलं असेल तर त्याहून हलकं. मासा उघड्या वाळूवर नसतो. दगड संपतो आणि वाळू लागते त्या कडेला, दगडाच्या आडोशाला, वाहतं पाणी तोंडावर घेऊन तो उभा असतो. गळ त्याच्या पुढ्यात नाही, जरा वर टाकायचा आणि पाण्याला नेऊ द्यायचा. दर दोन-चार फेकींनंतर शेवटचा हातभर दोरा चिमटीतून ओढून बघायचा. कुठे खरखर लागली तर तेवढा कापून टाकायचा, लोभ करायचा नाही. लहान मासा सोडायचा असेल तर आधी हात ओला करायचा. रीळ किती घट्ट, ते मी असं सांगितलं: काचेची बांगडी हातातून उतरवताना जेवढी ओढ लागते तेवढं. ह्यांनी माझा हात धरून एक बांगडी उतरवून पाहिली, मग रीळ पिळलं, पुन्हा बांगडी चढवली. जेट्टीवर कोणी नव्हतं, तरी मी लाजून मेले.

हिरव्या दगडावर चप्पल घालून जायचं नाही, हेही मी सांगितलं होतं. दोरीच्या तळव्याचे बूट घालायचे. ते त्यांनी आणले होते. पेटीशेजारी ठेवलेले असायचे.

इथला हामूर म्हणजे आमच्याकडचा गोबरा. तोंड तेच, अंगावरचे डाग तेच. पहिला मिळाला तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आबांच्या पद्धतीने पहिला मासा मी पाण्यात परत सोडला. हे कुरकुरले. "सहा तास बसलो त्याच्यासाठी!"

"पाण्याचा पहिला मान," मी म्हटलं.

"अरबी पाण्याला तुझा मान कळतो का?"

आबांचं आणखी एक होतं. ते मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा वाटलं. आबा दोरा तर्जनीवर घेऊन बसायचे आणि मला त्या बोटाकडे बघायला लावायचे. पहिली ओढ विचारायची. दुसरी चाखायची. तिसरी न्यायची. पहिल्या दोन ओढींना बोट हलवायचं नाही, तिसरीला हात द्यायचा. आणि पाण्यावर हाक आली तरी तसंच, ते म्हणायचे. पाणी आपल्या माणसाचा आवाज काढतं. हुबेहूब. पण त्याला दोनच्या पुढे मोजता येत नाही. म्हणून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीला द्यायची नाही. तिसरी आली तर तो आपला माणूस. मी बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून मोजायला शिकले ते तिथे, शाळेत नाही.

हे सगळं ऐकून ह्यांनी कपाळावर हात मारला. "दोनच्या पुढे येत नाही? म्हणजे तुझ्यापेक्षा दोन इयत्ता खाली!" मग म्हणाले, "आणि हे बघ, इथे भुतालाही इकामा लागतो, राहायचा परवाना. त्याचा जामीन, कफील कोण होणार? मी नाही सही करणार."

पण त्यानंतर जेट्टीवर मला हाक मारायची झाली की हे एका दमात तीनदा मारायचे. "अगं-अगं-अगं! घे, तिन्ही एकदम. आता तरी ओ दे." मी चहाची किटली सोडून उठायचे आणि हळू आवाजात "ओ" म्हणायचे. ते म्हणायचे, "जरा मोठ्याने दे की. माशांना ऐकू जाईल म्हणून घाबरतेस?" प्राजू झाली, चालायला लागली, तीही जेट्टीवर बापाची नक्कल करायची. "आई-आई-आई!" तीनदा. एका श्वासात.

घुंगरू सिन्नरचं. घरच्या बैलाच्या गळ्यातलं. बैल विकला तेव्हा ह्यांनी पट्ट्यातलं एक काढून खिशात घातलं आणि खफजीला आणलं. काठीच्या शेंड्याला बांधायचे. दोन दगडांत काठी रोवून आम्ही चहा प्यायचो आणि मासा लागला की ते वाजायचं. एक ओढ, छन्. पितळ जुनं, आवाज जरा फुटका, दुसऱ्या कुठल्याही घुंगराशी चुकायचा नाही. वाळवंटाच्या काठावर, त्या तीन ज्योतींसमोर बैलाचं घुंगरू वाजायचं आणि हे डोळे मिटून म्हणायचे, "आलं बघ औत घरी."

त्या शुक्रवारी धुकं होतं. तिकडे हिवाळ्यात पडतं तसं, सकाळी समुद्रावरून उठून रस्त्यावर चालून येणारं. प्राजू नऊ वर्षांची होती, ती त्या दिवशी आली नव्हती. सकाळचे आठ वाजले असतील. मी जेट्टीच्या अलीकडच्या तोंडाला चटई टाकून बसले होते, हे टोकाला कडीजवळ. मधे सत्तर-ऐंशी पावलं असतील, पण सगळं पांढरं. त्या ज्योतींची फक्त तांबूस ओल दिसत होती. पाण्याचा आवाज नव्हता. दगडांच्या फटीत पाणी नेहमी गुळगुळ करतं, तेही नव्हतं. मी किटलीत वेलची ठेचून टाकली.

घुंगरू वाजलं. एकदाच.

मग हाक आली. "अगं."

मी हात थांबवला. अंगठा पहिल्या पेरावर गेला.

बराच वेळ काही नाही. किटलीचं झाकण थडथडलं. मग पुन्हा, "अगं." जरा खालून आल्यासारखी. आवाज त्यांचाच. अंगठा दुसऱ्या पेरावर.

हे तीन मारतात, मी मनात म्हटलं. नेहमी. एका दमात. हे ते नव्हेत.

आणि मी तिसरीची वाट पाहिली. चहा उतू गेला, विस्तव विझला, त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. अंगठा दुसऱ्या पेरावर रुतून तिथे नखाची कोर उठली. तिसरी आली नाही.

मग मी उठले. टोकाला दोरीच्या तळव्याचे बूट कोरडे ठेवलेले होते. चपला कडीजवळ होत्या. एकीला एक लावून, सरळ जोडून, पुढची टोकं पाण्याकडे. ह्यांनी आयुष्यात चपला कधी जोडून ठेवल्या नाहीत. एक दाराशी, एक मोरीशी, असं असायचं. काठी नव्हती. घुंगरू नव्हतं. पाणी तेलासारखं सपाट होतं, वर एक तरंगसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी हे सापडले, बरेच खाली, दक्षिणेला. डॉक्टरांचा कागद अरबीत होता. मी तो कोणाकडून वाचून घेतला नाही. ऑफिसातल्या म्हाताऱ्या कारकुनाने शेवटच्या कागदावर शिक्का मारला, तो हळूच फुंकून वाळवला आणि म्हणाला, "खलास, अम्मा." मी नाशिकला आले. पेटी माळ्यावर गेली. तेव्हापासून मला कोणीही हाक मारली की अंगठा पेरावर जातो. दूधवाला, शेजारीण, कोणीही. लोक म्हणतात, बाईंना कमी ऐकू येतं.

मागच्या शुक्रवारी आम्ही गेलो. गाडी प्राजू चालवत होती. त्याच रस्त्याने पूर्वी मी मागच्या सीटवर नाकापर्यंत काळी ओढणी घेऊन जायचे. आता ती एका हाताने चक्र धरते, दुसऱ्या हाताने खजूर खाते, आणि पुढचा ट्रक हळू चालला की "यल्ला, यल्ला" करते. रास अल खैरच्या फाट्यापर्यंत ऊन होतं, विजेच्या तारांखाली उंट बसले होते. तिथून पुढे धुकं लागलं. तिने दिवे लावले.

"आई, परत जायचं का? रिअली, आपण पुढच्या वीकेंडला येऊ."

"नको," मी म्हटलं. "आजच."

जेट्टी मला लहान वाटली. तोंडाशी आता दिव्याचे खांब आहेत, मांजरं आहेत, बाकडं आहे. पण खांब संपले की तीच ती. तेच दगड, तोच ओल्या लोखंडाचा वास. प्राजूने आपली नवी काठी काढली आणि पेटीतला गळ घेतला.

"ओली कर," मी म्हटलं.

"ठाऊक आहे, आई. जुबैलला आमच्या ग्रुपमध्ये मी सगळ्यांना शिकवलंय. ते म्हणतात, हे कुठल्या व्हिडिओत बघितलंस? मी म्हटलं, चौथी पास व्हिडिओ आहे आमच्या घरी." ती हसली. अगदी बापासारखी. मग नखावर गळाचं टोक टेकवलं, अडलं, आणि दगडाच्या कडेला तिने गळ टाकला, जरा वर, पाण्याने न्यावा असा. काठीला घुंगरू नव्हतं. दोन दगडांत ती रोवून आम्ही बाकड्यावर बसलो. तिने थर्मासमधून चहा ओतला. वेलचीचा वास आला.

"प्राजू," मी म्हटलं. "तू विचारतेस ना, बाबा काही बोलले का."

तिने कप खाली ठेवला.

मी सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. एकवीस वर्षं वाटायचं, सांगायला रात्र पुरणार नाही. चहा निवायच्या आत संपलं.

"दोनदा?" ती म्हणाली.

"दोनदा."

"आणि तू काय केलंस?"

"मोजत बसले."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. अंगठा तिथेच होता, दुसऱ्या पेरावर.

"ते नेहमी तीन मारायचे म्हणून," मी म्हटलं.

"थट्टा होती ती, आई. ते तुझी थट्टा करायचे." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आणि मला तू दरवर्षी नाही म्हणालीस."

ती उठली आणि टोकाकडे चालू लागली. तिच्या अंगात लाल जाकीट होतं. आधी लाल रंग गेला, मग आकार गेला, मग बुटांचा आवाज गेला. ते बूट दोरीच्या तळव्याचे नव्हते. गुळगुळीत तळव्याचे, ऑफिसला घालायचे. मी तिला टोकायचं विसरले होते. दुसऱ्याच गोष्टीच्या भीतीत ही गोष्ट विसरले.

धुकं जवळ आलं. बाकड्याखालचं मांजर उठून गेलं. मग माझ्या लक्षात आलं की पाण्याचा आवाज थांबला आहे. दगडांच्या फटीतलं गुळगुळणं, काहीच नाही. ज्योतींची तांबूस ओल तेवढी होती, एकवीस वर्षांपूर्वी होती तिथेच. मला तिच्यामागे जायचं होतं. पण तिला मी नको होते, हे तिच्या चालण्यात दिसलं होतं. मी बसून राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. चहावर साय धरली.

"आई."

एकच. सपाट. कुठून आली ते कळलं नाही. टोकाकडून, की बाजूच्या पाण्यातून.

अंगठा पहिल्या पेरावर गेला.

मी त्या अंगठ्याकडे पाहिलं. माझाच हात, पण दुसऱ्या कोणाचा वाटत होता. आबांच्या मागे करवंटी घेऊन उभ्या असलेल्या मुलीचा. मी मूठ उघडली. सगळी बोटं ताठ केली, आणि ओ दिली.

ती ओ माझ्या तोंडून आली हे मला आधी खरं वाटेना. एवढा मोठा आवाज माझ्यात होता. दगडावरचे पक्षी उडाले, दिसले नाहीत, पण पंख ऐकू आले. "ओ! आले! प्राजू, आले मी!" मी धावत सुटले, ओ देत देत. वर्गात न ऐकू गेलेल्या सगळ्या हजेऱ्या त्या सत्तर-ऐंशी पावलांत दिल्या. पाय घसरला, गुडघा फुटला, तशीच उठले.

ती कडीजवळ बसली होती. दोन्ही हातांनी कडी धरलेली. तळवे गंजाने लाल झाले होते. तिने मला पाहिलं, माझा गुडघा पाहिला, आणि तिचं तोंड नऊ वर्षांच्या मुलीसारखं झालं.

"मी एकदाच मारणार होते," ती म्हणाली. "ठरवलं होतं. एकदाच. बघायचं होतं, तू येतेस का."

मी तिच्याजवळ बसले. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं, मग म्हणाली, "केवढ्याने ओरडलीस गं. बाबांना पण ऐकू गेलं असेल."

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. तिने डोकं खांद्यावरून उचललं.

आणि मग ते वाजलं. आमच्या काठीकडून नाही. काठी मागे होती, आणि तिला काही बांधलेलं नव्हतं. ते समोरून आलं, जिथे नुसतं पाणी होतं. छन्. जुन्या पितळेचा, जरा फुटका आवाज. प्राजूने माझं मनगट घट्ट धरलं, म्हणजे तिनेही ऐकलं.

पाण्यावर तरंग उठला नाही. आम्ही श्वास धरून बसलो. बराच वेळ गेला, त्या दिवशी गेला होता तेवढा.

पुन्हा वाजलं. जरा खालून आल्यासारखं.

दोन झाले. दोनच्या पुढे कोणाला मोजता येत नाही, ते मला ठाऊक आहे. आबांनी सहाव्या वर्षी शिकवलं आहे. प्राजूची नखं माझ्या हातात रुतत होती, आणि मी पांढऱ्या धुक्याकडे तोंड करून, तिसऱ्याची वाट न बघता म्हटलं, "ओ."